कुंपणावरून आलेला घास

वाचकहो,

फराळाचं ताट शेजारी जातं, भरून परत येतं, तेव्हा दिवाळी खऱ्या अर्थाने घरात येते. यंदाचा अंक विनोदाला वाहिला आहे. तो जुळवताना मला सतत आठवत राहिला १९४९ सालचा एक ब्रिटिश चित्रपट, ‘पासपोर्ट टू पिम्लिको’.

ईलिंग स्टुडिओची निर्मिती, टी. ई. बी. क्लार्क यांची पटकथा, हेन्री कॉर्नेलियस यांचं दिग्दर्शन. युद्ध संपून चार वर्षं झाली तरी लंडनमध्ये बॉम्बहल्ल्यातले ढिगारे तसेच होते. कपड्यांचं रेशनिंग त्या मार्चमध्ये नुकतंच उठलं होतं. अन्नावरची बंधनं सुटायला १९५४ उजाडलं. अशा दिवसांतल्या एका वस्तीत जुना बॉम्ब फुटतो, खाली खजिना सापडतो आणि त्यात चौथ्या एडवर्ड राजाची सनद: ही भूमी बर्गंडीच्या ड्यूकची! मार्गारेट रदरफर्डने रंगवलेल्या इतिहासतज्ज्ञ बाई सनद खरी ठरवतात आणि साधे दुकानदार राहत्या घरी परदेशी होतात. आता रेशन कसलं आणि पब बंद करायची वेळ कसली!

पण मोकळीक मिळताच काळाबाजारवाले गल्लीत घुसतात. सरकार काटेरी तारा घालतं, पाणी तोडतं. वस्ती उपाशी राहण्याच्या बेतात असताना बाहेरचे लंडनकर कुंपणावरून खाण्याची पुडकी फेकू लागतात. हसता हसता माझा गळा दाटून येतो तो इथे.

शेवटी तडजोड होते. खजिना ब्रिटनला कर्जाऊ मिळतो, वस्ती मायदेशी परतते. ज्या रेशनपुस्तिकांचा जाच होता, त्याच लोक आनंदाने हाती घेतात. तेवढ्यात ऊन सरून लंडनचा नेहमीचा पाऊस कोसळतो. टंचाई तीच, पाऊसही तोच. पण आता तो सगळ्यांच्या वाट्याचा असतो.

या चित्रपटाला पाऊणशे वर्षं उलटली तरी त्याचं हसू शिळं झालेलं नाही, कारण ते मायेतून आलंय. एका खात्याकडून दुसऱ्याकडे ढकलणारे अधिकारीसुद्धा त्यात माणसंच राहतात. टिंगल होते ती नियमांच्या अडेलपणाची; गल्लीतल्या कुणाचाही पाणउतारा होत नाही. विनोदाची ही जात मला सर्वांत मोलाची वाटते. या अंकातलं लेखन निवडताना कसोटी तीच ठेवली.

वाचून झाला की अंक शेजारी द्या. ताटासारखा तोही फिरू दे.

शुभ दीपावली!

— संपादक