‘मी कविता वाचलो’ यात हसण्यासारखं काय?

आपल्या मंडळाच्या बैठकीत कुणी ‘मी कविता वाचलो’ म्हणालं की मागच्या बाकावरून ठरलेला प्रश्न येतो, “कवितेच्या तावडीतून वाचलास का?” सगळे हसतात. विनोद चांगलाच आहे. पण ज्याच्या घरी कन्नड बोलतात तो पुढच्या बैठकीत इंग्रजीत बोलतो, आणि त्यापुढच्या बैठकीला येतच नाही. हा विनोद मंडळाला महाग पडतोय, असं माझं मत आहे.

ते वाक्य जरा नीट बघूया. मी आलो, मी गेलो, मी बसलो. मग ‘मी वाचलो’ का नाही? कारण सकर्मक क्रियापद भूतकाळात कर्माकडे बघतं: लेख वाचला, कविता वाचली, पुस्तक वाचलं. कन्नडमध्ये क्रियापद कर्त्याचंच ऐकतं. शिवाय ‘त्याने’मधल्या ‘ने’सारखी खूण ‘मी’ला लागत नाही, त्यामुळे कानाला इशाराही मिळत नाही. म्हणजे बोलणारा वाटेल ते बोलत नाहीये. डोक्यात तयार झालेला एक नियम तो इमानेइतबारे पाळतोय. आपल्या बेळगाव भागात तर घरी मराठी बोलणारी माणसंही ‘मी काम केलो’ म्हणतात!

पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये हेच मांडलं: शिकणाऱ्याच्या चुका म्हणजे त्याच्या मनात भाषा कशी घडतेय याचा पुरावा. १९७२ मध्ये लॅरी सेलिंकर यांनी या मधल्या, अर्ध्या वाटेवरच्या भाषेला ‘इंटरलँग्वेज’ असं नाव दिलं. रिचर्ड श्मिट यांनी ब्राझीलमध्ये स्वतः पोर्तुगीज शिकताना डायरी ठेवली. एखादं रूप नुसतं कानावर पडून भागत नाही, ते लक्षात यावं लागतं, असं त्यांना दिसलं. आता सांगा, सगळे हसत असताना लक्ष कुठे जातं? ‘वाचलो’ आणि ‘वाचली’ यांतल्या फरकाकडे, की स्वतःच्या लाल झालेल्या चेहऱ्याकडे?

“मग शुद्ध मराठीचं काय?” असं काही जण विचारतील. प्रश्न रास्त आहे. चूक तशीच सोडा, असं मी म्हणत नाही. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात आपल्याच राज्यात, बेंगळुरूला, इंग्रजी शिकवण्याचा प्रयोग केला. आधी व्याकरण नाही; मुलांपुढे नकाशे, वेळापत्रकं ठेवायची आणि त्यावरचे प्रश्न सोडवायला लावायचे. चूक सुधारायची, पण ओघात, धडा न थांबवता.

आपल्यालाही हे जमण्यासारखं आहे. कुणी ‘मी कविता वाचलो’ म्हणालं, तर एवढंच विचारावं: “अरे वा, कुठली कविता वाचलीस?” योग्य रूप त्याच्या कानावर पडतं आणि गप्पाही पुढे सरकतात. एकदा विचारून तो सुधारणार नाही. पण तो बैठकीला येत राहिला, तरच दुसऱ्यांदा विचारता येईल ना!

फादर स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’चा आपल्याला केवढा अभिमान! हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले आणि ग्रंथ छापला गेला १६१६ मध्ये. मधली सदतीस वर्षं त्यांचं बोलणं कुणीतरी ऐकून घेतलंच असणार. आपल्याला तर फक्त तीन वर्षं, दर आठवड्याला एक तास ऐकून घ्यायचंय.