परत न आलेल्या रुग्णांचे काय?

काही वर्षांपूर्वी एका परिसंवादात आम्ही आमवातावरील आपल्या चिकित्सानुभवाचा निबंध वाचला होता. उपशयाचे प्रमाण डोळ्यांत भरण्याजोगे होते. टाळ्याही बऱ्यापैकी पडल्या. चहाच्या वेळी संख्याशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी सहज विचारले, "वैद्यराज, चिकित्सा किती जणांची सुरू केली होती?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. जे शेवटपर्यंत येत राहिले त्यांचीच गणना आम्ही केली होती. दुसऱ्या पंधरवड्यानंतर जे फिरकले नाहीत ते बरे झाले, कंटाळले, की अन्य वैद्यांकडे गेले, हे आम्हांस ठाऊकच नव्हते.

समजा, 100 रुग्णांना औषध दिले, 50 परत आले आणि त्यांपैकी 40 जणांनी बरे वाटल्याचे सांगितले. आपण लिहितो, शेकडा 80. आरंभीचे सर्व रुग्ण धरले तर खात्रीने सांगता येण्याजोगा आकडा शेकडा 40 एवढाच उरतो. औषध तेच, वैद्य तोच; बदलला तो फक्त छेद.

हा छेद सांभाळतो कोण? 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाल्यानंतर आपले अनेक वैद्यबंधू-भगिनी ग्रामीण रुग्णालये व प्राथमिक आरोग्य केंद्रांतून सेवा देऊ लागले. तेथे केसपेपर काढणारा कर्मचारी, परिचारिका, औषध देणारा फार्मासिस्ट आणि घरोघरी जाणारी आशा या सर्वांच्या हातून एकेक नोंद होत असते. प्रशिक्षणाला मात्र एकटे वैद्य जातात. व्याख्याते पडद्यावर सूत्रे दाखवतात, भोजनोत्तर सत्रात निम्मे सभागृह पेंगते, प्रमाणपत्रे वाटली जातात आणि नोंदवह्या होत्या तशाच राहतात. संख्याशास्त्राचे प्राथमिक शिक्षण संपूर्ण चमूला एकत्र बसवूनच दिले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सामान्य कर्मचाऱ्यांना हे झेपेल काय, अशी शंका काही ज्येष्ठ व्यक्त करतात. त्यांनी गडचिरोलीकडे पाहावे. डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने बेताचेच शालेय शिक्षण झालेल्या गावातील स्त्रियांना नवजात बालकांच्या घरगुती शुश्रूषेचे शिक्षण दिले. 39 गावांत ही सेवा दिली आणि तुलनेसाठी 47 गावे घेतली. जन्म व मृत्यू दोन्हीकडे मोजले. 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नवजात मृत्युदर तुलनेने शेकडा 62 ने घटल्याचे दिसले. सेवा न दिलेल्या गावांतील मोजणी झाली नसती तर या आकड्याला काहीच अर्थ उरला नसता.

आपल्या शास्त्रातील उदाहरणही आहे. भगंदरातील क्षारसूत्राची शस्त्रकर्माशी तुलना भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने केली. तिचा निष्कर्ष 1991 मध्ये प्रसिद्ध झाला. व्याधीचा पुनरुद्भव क्षारसूत्रात शेकडा 4, तर शस्त्रकर्मात शेकडा 11. व्रण भरून येण्यास मात्र क्षारसूत्राला 8 आठवडे लागले, शस्त्रकर्माला 4. हा उणा आकडाही तेथे लपवला नाही, म्हणूनच पहिल्या आकड्याला वजन आले.

प्रशिक्षणात आणखी दोन गोष्टी याव्यात. रुग्ण आपल्याकडे येतो तो बहुधा शूल परमावधीला पोहोचल्यावर. त्यानंतर काही न करताही तो थोडाफार उतरतोच. (चरकाचार्यांचा स्वभावोपरम येथे कोणास आठवल्यास नवल नाही.) तुलनेचा गट नसेल तर हा उतार आपण औषधाच्या खात्यावर जमा करतो. दुसरी गोष्ट औषधविक्रेते व फार्मसीचालक यांच्यासाठी. "शंभर जणांना दिले, एकालाही त्रास नाही," असे आपण अभिमानाने सांगतो. संख्याशास्त्राचा साधा नियम असा की, 100 जणांत एकही उपद्रव न दिसला तरी त्याचे खरे प्रमाण शेकडा 3 पर्यंत असू शकते. विकलेल्या बाटल्यांवरून तर तेही कळत नाही. किती जणांनी ती पुन्हा नेली नाही, हे कोणत्याच बिलपुस्तकात नसते.

प्रत्येक रुग्णाची प्रकृती भिन्न, मग सरासरी कशाला, हा आक्षेप आम्हीही पूर्वी घेत असू. प्रकृती, दोषावस्था, अग्नी यांची नोंद जरूर करावी व त्यानुसार गट पाडावेत. परंतु ती नोंद चिकित्सेपूर्वीच लिहिलेली असावी. गुण आला नाही असे दिसल्यावर "प्रकृती अनुकूल नव्हती" असे लिहिणे म्हणजे परीक्षा नव्हे. आप्तोपदेशासह प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती ही परीक्षेची साधने मानणाऱ्या शास्त्राच्या अनुयायांना हे अधिक सांगणे नलगे.

पुढील कार्यशाळेसाठी संघटनेस आमची विनंती आहे की, निमंत्रण वैद्यांच्या नावे न काढता केंद्राच्या नावे काढावे. किमान एक परिचारिका व एक फार्मासिस्ट सोबत यावेत आणि त्यांनी मागील तीन महिन्यांची नोंदवही आणावी. व्याख्यान एकच असावे. उरलेल्या वेळात परत न आलेल्या रुग्णांची नावे त्या वहीतूनच शोधून काढावीत. वही मात्र खाडाखोडीची, वापरातलीच असावी. कार्यशाळेसाठी रात्रीतून भरलेली कोरी करकरीत नको.