दुखतंय, पण कशासारखं?

बालमित्रांनो,

मराठीच्या तासाला उपमा अलंकार आला की वर्गात कुरकुर सुरू होते. "बाई, याचा उपयोग काय?" परीक्षेत दोन गुण मिळतात, एवढंच बहुतेकांना ठाऊक! आज उपमेचा एक वेगळा उपयोग सांगते. तो दवाखान्यात होतो, बरं का!

पण आधी जरा नाटकात डोकावू या. 31 ऑक्टोबर 1880 रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणलं. मूळ नाटक कालिदासाचं, संस्कृतातलं. त्यात पहिल्या अंकाच्या शेवटी दुष्यंत राजा शकुंतलेचा निरोप घेऊन निघतो, पण मन काही तिच्यापासून हलत नाही. आता नटाचे पाय चालताना दिसतील, मन कसं दिसणार? कालिदास राजाच्या तोंडी एक उपमा घालतो. निशाण घेऊन वाऱ्याच्या विरुद्ध चाललं की काठी पुढे जाते आणि रेशमी कापड मागे फडफडत राहतं. तसं शरीर पुढे आणि मन मागे! प्रभातफेरीत झेंडा धरून चालला असाल, तर तुम्हांला हे लगेच पटेल. न दिसणारं मन उपमेनं दाखवलं.

दुखणंही असंच न दिसणारं. ताप थर्मामीटरवर दिसतो, मोडलेलं हाड एक्स-रेत दिसतं. पण कसं दुखतंय ते रोग्यानंच सांगावं लागतं. केसपेपर काढून, रांगेत बसून आपला नंबर येतो. डॉक्टर विचारतात, "काय होतंय?" आपण म्हणतो, "दुखतंय." "कसं?" "खूप!" मग डॉक्टरांनी ओळखायचं तरी काय?

कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातले रोनाल्ड मेल्झॅक यांना हाच प्रश्न पडला होता. रोगी दुखण्याबद्दल जे शब्द बोलतात, ते त्यांनी गोळा केले आणि 1975 साली 78 शब्दांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. टोचणारं, जळजळणारं, ठणकणारं असे त्यांचे 20 गट केले.

आपली मराठी यात मागे नाही. ठणका, कळ, चमक, पेटका, मुरडा, चुरचुर, ठसठस, मुंग्या येणं! प्रत्येकाचा अर्थ निराळा. आणि शब्द सापडला नाही, की 'सारखं' मदतीला येतं. "छातीवर धोंडा ठेवल्यासारखं वाटतंय" असं कुणी म्हणालं, तर डॉक्टर आधी हृदयाची तपासणी करतात. "जेवल्यावर छातीत आग पडल्यासारखं होतं" म्हटलं, तर पित्ताचाही विचार करतात. नक्की काय ते तपासूनच ठरतं, पण तपासायची दिशा त्या उपमेनं मिळते. म्हणून घरात कुणी धोंड्यासारखं वजन वाटतंय म्हणालं, तर थांबू नका. मोठ्यांना सांगा, 108 ला फोन करा.

आमच्या चौथीच्या वर्गात मी 'डॉक्टर आणि रोगी' हे छोटं नाटुकलं घेतलं. एक मुलगा म्हणाला, "दातात कुणी मुसळानं भात कांडतंय." एक मुलगी म्हणाली, "पाय चिखलणीत रुतल्यासारखे जड झालेत." तिसरा म्हणाला, "डोक्यातून खोपोली लोकल धडधडत चाललीय!" आमच्या कर्जत-खालापूरच्या पोरांच्या उपमा अशाच असायच्या. एक मात्र लक्षात ठेवा हं. नाटकात उपमा फुगवली तरी टाळ्या मिळतात. दवाखान्यात ती खरीच हवी.

बोलणाऱ्याइतकाच ऐकणाराही हवा. राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' हे नाटक 1919 साली रंगभूमीवर आलं. त्यात तळीराम आजारी पडतो, तेव्हा वैद्य आणि डॉक्टर दोघेही येतात आणि आपसांतच वाद घालत बसतात. प्रेक्षक पोट धरून हसतात. पण तळीरामाच्या जागी आपण असतो तर? औषध तेच असलं, तरी 'माझं ऐकून घेतलं' असं वाटलं, की माणूस समाधानानं घरी जातो. 2016 साली केंद्र सरकारनं 'मेरा अस्पताल' ही योजना सुरू केली. त्यात दवाखान्यात जाऊन आलेल्या रोग्यालाच फोनवर विचारायचं, तुमचं समाधान झालं का? रोग्याच्या मताला किंमत आहे, हेच त्यातून दिसतं.

पालकहो, आता थोडं तुमच्यासाठी. डॉक्टरांनी मुलाला प्रश्न विचारला, की उत्तर आपण देऊ नका. "सांग बाळ, कशासारखं दुखतंय?" एवढंच म्हणा आणि थांबा. दुखणं त्याचं आहे, उपमाही त्यालाच सुचेल.

आणि बालमित्रांनो, या आठवड्याचा गृहपाठ! आजीचा गुडघा, आजोबांची कंबर कशासारखी दुखते ते विचारा आणि वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना ती वही आजीबरोबर द्या. डॉक्टरांना नक्की उपयोग होईल.

तुमच्या,
बाई