वाऱ्याच्या समाध्या

व्हिएतनामच्या क्वांग न्गाई किनाऱ्यापासून सुमारे ३० किलोमीटरवर ली सोन हे ज्वालामुखीतून घडलेले छोटे बेट आहे. लसणाची शेते ओलांडून थोय लोय डोंगराच्या पायथ्याशी उतरले की ‘चुआ हांग’, म्हणजे गुहेतील विहार, लागतो. आकाशानेच ही गुहा पोखरली, अशी लोकांची श्रद्धा आहे. लाटांचे श्रेय आकाशाला मिळाले, एवढेच. आत तथागतांची व बोधिधर्माची पूजास्थाने आहेत. बाहेर बदामाची जुनी झाडे आणि समुद्राकडे तोंड करून उभी असलेली क्वान आम.

ही क्वान आम म्हणजे पूर्वेकडे जाऊन स्त्रीरूप झालेला आपला अवलोकितेश्वर. औरंगाबादच्या सातव्या लेण्यात त्याच्याभोवती आठ संकटे कोरली आहेत. त्यांत संकटात सापडलेले जहाजही आहे. नागसेनवनात शिकलेल्या आम्हाला त्या शिल्पाचा अर्थ उमगला तो मात्र या परक्या किनाऱ्यावर.

कारण याच बेटावर वाऱ्याच्या समाध्या आहेत. न्गुयेन राजवटीत होआंग सा बेटांकडे जाणाऱ्या नौकापथकासाठी येथील गावांतून माणसे भरती होत. निघताना प्रत्येक जण चटई, वेताच्या दोऱ्या, बांबूच्या पट्ट्या आणि नाव-गाव लिहिलेली एक पट्टी सोबत घेई. मरण आले तर चटईत गुंडाळून समुद्रात सोडायचे. प्रेत कुठे किनाऱ्याला लागलेच, तर ओळख पटावी. बहुतेकांची प्रेते परतली नाहीत. मग घरच्यांनी मातीची आकृती घडवून ती पुरली. त्या समाधीत वाऱ्याखेरीज काही नाही, आणि गाव अजूनही तिची निगा राखते.

येथे आम्ही अडखळलो. श्राद्धपक्ष व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आम्ही घेतली आहे, आणि ती मोडण्याचा प्रश्नच नाही. मातीच्या आकृतीत मृताचा आत्मा येतो, हेही आम्हाला मान्य नाही. परंतु या आचाराला ‘अंधश्रद्धा’ म्हणून बाजूला सारणारे आमचे काही सहप्रवासी घाईत होते, असे आमचे मत आहे. राजाने ज्यांना मोजले नसते, त्यांची आठवण गावाने जपली. कोरेगावच्या स्तंभावर सामान्य शिपायांची नावे कोरलेली आहेत म्हणूनच बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी तेथे उभे राहू शकले. श्राद्ध सोडताना आपण आठवणही सोडली की काय, हे एकदा तपासावे लागेल. वसतिगृहातील मुलांना पणजीचे नाव विचारले, तर वर्गात दोन-चारच हात वर होतात.

या स्मरणिकेत देणगीदारांची यादी आहे, ती असावीच. तिच्या शेजारी आमच्या भोजनगृहात आजवर भाकरी थापणाऱ्या बायांची आणि पहिली विहीर खणणाऱ्या गड्यांची नावे छापावीत, अशी आमची संपादक मंडळाला विनंती आहे. त्यांतली काही नावे वयोवृद्ध माजी विद्यार्थ्यांनाच आठवत असतील.