नांव पाहावें कीं काम?

शालान्त परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर विद्यार्थ्याचें नांव नसतें. उत्तर कोणीं लिहिलें, हें परीक्षकास कळूं नये, हाच त्यांतील हेतु. विज्ञानाच्या थोर दरबारांत मात्र हा साधा नियम अद्याप सर्वत्र रूढ नाहीं, हें वाचून आमच्या विद्यार्थ्यांस नवल वाटेल. शास्त्रीय निबंध छापण्यापूर्वीं त्या विषयाचे जाणकार तो तपासतात. परंतु पुष्कळ नियतकालिकांत लेखकाचें नांव त्यांना ठाऊक असतें.

एवढ्यानें काय बिघडतें, असें कोणी विचारील. १९९७ सालीं दोन संशोधक स्त्रियांनीं स्वीडनच्या वैद्यकीय संशोधन-मंडळाकडील शिष्यवृत्तीच्या अर्जांची छाननी केली. पुरुषाइतकी योग्यता परीक्षकांनीं मानावी म्हणून स्त्रीचें काम सुमारें अडीचपट असावें लागे, असें त्यांना आढळलें!

आतां आपल्या महाराष्ट्रकन्येची हकीकत पाहा. कमला भागवत, म्हणजेच पुढील डॉ. कमला सोहोनी, या १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेंत पहिल्या आल्या. तरी त्या स्त्री आहेत एवढ्याच कारणास्तव बंगळूरच्या विज्ञान-संस्थेंत सर चंद्रशेखर रामन यांनीं त्यांना प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहींत. अखेर एक वर्ष काम पाहूं, या अटीवर दार उघडलें. काम पाहून रामन यांचें समाधान झालें, आणि इतर स्त्रियांचीही वाट मोकळी झाली. १९३९ सालीं कमलाबाईंनीं केंब्रिजची पीएच.डी. मिळविली.

निबंध तपासतांना नांव झांकावें, हें आमचें स्पष्ट मत आहे. परंतु हा उपाय निबंधापर्यंत पोहोंचलेल्या स्त्रीच्याच उपयोगीं पडतो. कमलाबाईंना उंबरठ्यावरच अडविलें होतें. मात्र त्यांचे वडील व चुलते स्वतः रसायनशास्त्रज्ञ असल्यामुळें घरचा उंबरठा त्यांना आडवा आला नाहीं. आमच्या धारूर तालुक्यांत काय दिसतें? दसरा होतांच कुटुंबेंच्या कुटुंबें ऊसतोडीस जातात, आणि भावंडें सांभाळण्यासाठीं शाळेंतून काढली जाते ती बहुधा मुलगीच.

आम्ही शिक्षकही निर्दोष नाहीं. प्रयोगाच्या तासाला परीक्षानळी मुलाच्या हातीं असते, मुलगी नुसती नोंद लिहिते. आणि आम्हांला तें खटकत नाहीं. हें बदललें पाहिजे. शास्त्राच्या वह्या आम्ही नांव झांकून तपासूं. पण पालकहो, त्या गठ्ठ्यांत आपल्या मुलीची वही असेल कीं नाहीं, हें आपल्याच हातीं आहे.