विश्लेषण : ‘मोफत’ विमान तिकिटात बदल केल्यास पुन्हा पैसे का भरावे लागतात?

विमान कंपनीकडे वर्षानुवर्षे साठवलेले पॉइंट खर्चून काढलेल्या तिकिटाला बोलीभाषेत ‘फुकटचे तिकीट’ म्हणतात. ते खरोखर किती फुकट असते, हे तारीख बदलायला गेल्यावर कळते. जादा पॉइंट लागत नाहीत, पण ‘कर व शुल्क’ या नावाखाली आणखी काही हजार रुपये मागितले जातात. हा पैसा जातो कुठे आणि तो मागणे कितपत योग्य?

पॉइंटमधून नेमके काय फिटते?

अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी ‘अ‍ॅडव्हान्टेज’ ही योजना सुरू केली आणि पुढे जगभर तिचे अनुकरण झाले. एअर इंडियाचा ‘महाराजा क्लब’ हे त्याचे आपल्याकडील उदाहरण. बहुतेक योजनांमध्ये पॉइंटमधून फक्त मूळ भाडे फिटते. सरकारी कर, विमानतळाचे शुल्क आणि अनेकदा कंपनीचा स्वतःचा अधिभार रोखीने भरावा लागतो. मुंबईहून निघणाऱ्या प्रवाशाकडून विमानतळ विकास व सुरक्षेपोटी घेतली जाणारी रक्कम तिकीट पॉइंटचे असले तरी चुकत नाही.

बदल केल्यावर रक्कम का वाढते?

प्रवाशाच्या दृष्टीने फक्त तारीख बदललेली असते. कंपनीच्या संगणकात मात्र बहुतेक वेळा जुने तिकीट रद्द होऊन त्या दिवशीच्या दराने नवे तिकीट निघते. दरम्यान कर वाढला असेल, मार्ग वा वर्ग बदलला असेल, तर फरक भरावा लागतो. जपानच्या दोन मोठ्या कंपन्या इंधन अधिभार दर दोन महिन्यांनी ठरवतात आणि तो तिकीट काढल्याच्या तारखेनुसार लागतो. त्यामुळे फेरतिकिटाने आकडा बदलू शकतो. यावर अनेक कंपन्या बदलाचे वेगळे शुल्कही लावतात.

लंडनचा थांबा महाग का पडतो?

ब्रिटनचा हवाई प्रवासी कर १९९४ पासून लागू आहे. तो ब्रिटनमधून निघणाऱ्या प्रवाशावर आकारला जातो आणि पॉइंटचे तिकीट त्यातून सुटत नाही. समजा, एखाद्याचे मुंबई-लंडन-न्यूयॉर्क असे तिकीट आहे. लंडनमध्ये विमान बदलून २४ तासांच्या आत पुढे गेल्यास हा कर लागत नाही. नातेवाइकांना भेटण्यासाठी तोच थांबा दोन दिवसांचा केला, की लंडनपासूनचा प्रवास नवा धरला जातो. एप्रिल २०२५ पासूनच्या वर्षासाठी या अंतराचा दर इकॉनॉमीत ९० पौंड, तर बिझनेस वर्गात २१६ पौंड होता. लंडनहून मुंबईला येणाराही याच टप्प्यात मोडतो. म्हणजे इकॉनॉमीचे तिकीट पॉइंट घालून बिझनेसचे केले, तर निव्वळ करापोटी १२६ पौंडांचा फरक पडतो.

अधिभाराला ‘कर’ म्हणता येईल का?

मुळीच नाही. वरचे ९० पौंड ब्रिटनच्या तिजोरीत जातात, अधिभार कंपनीच्या गल्ल्यात. पॉइंटच्या तिकिटांवरील ‘इंधन अधिभारा’चा इंधनाच्या दराशी संबंध नाही, असा आक्षेप घेत ब्रिटिश एअरवेजविरुद्ध २०१२ मध्ये अमेरिकेत सामूहिक दावा दाखल झाला. २०१८ मध्ये तो तडजोडीने मिटला. दाव्याचे मर्म आजही लागू आहे. कर आणि अधिभार एकाच ओळीत दाखवले, की सारे काही सरकारच घेते असा ग्राहकाचा समज होतो.

भारतातील नियम काय सांगतात?

तिकीट रद्द झाल्यास वा वापरले न गेल्यास सर्व वैधानिक कर आणि विमानतळ शुल्क परत करावे, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. मूळ भाडे परत न मिळणाऱ्या सवलतीच्या तिकिटांनाही तो लागू आहे. रद्द करण्याचे शुल्क मूळ भाडे अधिक इंधन अधिभार यापेक्षा जास्त नसावे, अशीही मर्यादा आहे. परदेशी कंपन्यांचा परतावा मात्र त्यांच्या देशाच्या नियमांनुसार चालतो. खरी अडचण पॉइंटच्या तिकिटात येते. त्याचे मूळ भाडे पॉइंटमध्ये भरलेले असते. मग ही मर्यादा रुपयांत मोजायची कशी?

मग उपाय काय?

कर वाढला तर फरक घेणे गैर नाही. गैर आहे ते त्याची फोड न करणे. बदल पक्का करण्यापूर्वी सरकारी कर, विमानतळ शुल्क, कंपनीचा अधिभार आणि बदलाचे शुल्क असे चार आकडे, जुने व नवे, शेजारी शेजारी दाखवणे कंपन्यांना बंधनकारक करायला हवे. कर वाढला की वसुली आणि घटला की मौन, हेही थांबायला हवे. अमेरिकेतील बड्या कंपन्यांनी २०२० मध्ये बहुतांश बदलशुल्क काढून टाकले, म्हणजे ते अटळ नव्हतेच. तोवर प्रवाशाने बदलाचा खर्च आणि रद्द करून नव्याने काढण्याचा खर्च यांची तुलना करावी. मात्र नव्या तारखेला पॉइंटवर जागा आहे का, हे आधी पाहावे. पॉइंट हाही ग्राहकाने खर्च करूनच कमावलेला असतो. त्याच्या तिकिटाला ‘मोफत’ म्हणून हिशेब टाळता येणार नाही.