बंगळूरची तिजोरी आणि विकेंद्रीकरणाचे सोंग

30 ऑगस्ट 2022 च्या पावसाने बंगळूरचा बाह्य वर्तुळमार्ग पाण्याखाली गेला. त्या एका दिवसाच्या वाहतूककोंडीने आपले 225 कोटी रुपयांचे नुकसान झाले, असे पत्र त्या मार्गावरील कंपन्यांच्या संघटनेने मुख्यमंत्र्यांना धाडले. आठवड्याभरात ट्रॅक्टरवर बसून कामावर निघालेल्या अभियंत्यांची छायाचित्रे देशभर झळकली. ज्यांच्या पत्र्याच्या खोपटांत पाणी शिरले, त्या बांधकाम मजुरांचा बुडालेला रोज मात्र त्या 225 कोटींत धरलेला नव्हता.

तेव्हापासून एक उपाय मोठ्या विद्वत्तेने सांगितला जातो: शहराचा कारभार 'तज्ज्ञां'कडे द्या, पैसा शहरातच राहू द्या, म्हणजे डिजिटल अर्थव्यवस्था फुलेल आणि पर्यावरणही तगेल. याला विकेंद्रीकरण असे गोंडस नाव देण्यात आले आहे. हे विकेंद्रीकरण कोणाचे, आणि कोणासाठी?

कर वर, भार खाली

बंगळूरच्या श्रमातून निर्माण होणाऱ्या संपत्तीवरील प्राप्तिकर दिल्लीकडे जातो. 2017 पासून वस्तू व सेवा कराचे दरही त्या करपरिषदेत ठरतात, जिथे निर्णयाला तीनचतुर्थांश मते लागतात आणि केंद्राच्या हाती एकतृतीयांश मते आहेत. म्हणजे केंद्राचा नकार हाच शेवटचा शब्द. कर्नाटकातील जकात 1979 सालीच गेली. व्यवसाय कराची घटनात्मक मर्यादा 1988 पासून वर्षाला अडीच हजार रुपयांवर गोठलेली आहे. पन्नास लाख पगाराच्या व्यवस्थापकालाही त्याहून एक रुपया अधिक लावता येत नाही. महापालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नाचा मोठा आधार उरला तो मालमत्ता कर. गटारे, कचरा, रस्ते आणि तलाव यांचा भार मात्र शहराच्याच माथी!

14व्या वित्त आयोगाने कर्नाटकाचा वाटा 4.713 टक्के ठरवला होता; 2021-26 साठी 15व्या आयोगाने तो 3.647 टक्क्यांवर आणला. त्याविरुद्ध 7 फेब्रुवारी 2024 रोजी राज्याचे मंत्रिमंडळ दिल्लीत जंतरमंतरवर बसले. तक्रार खरी होती. पण तिचे भांडवल करून 'आमचा पैसा बिहार, उत्तर प्रदेश का खातो?' असा जो सूर लावला जातो, तो कामगारवर्गात फूट पाडणारा आहे. बंगळूरच्या इमारती बांधणारे हात बिहारचे आहेत, ओडिशाचे आहेत, उत्तर कर्नाटकाच्या दुष्काळी तालुक्यांचे आहेत. मागास राज्याला अधिक वाटा मिळणे हा न्यायच होय. खरी लूट आहे ती उपकर आणि अधिभारांची. हा पैसा वाटपाच्या निधीत येतच नाही. तो बंगळूरला मिळत नाही आणि पाटण्यालाही मिळत नाही.

उद्योगपतींच्या 'आम्ही कर भरतो' या घोषणेचाही हिशेब केला पाहिजे. सॉफ्टवेअर तंत्रज्ञान उद्यानांतील कंपन्यांना निर्यातीच्या नफ्यावरील प्राप्तिकराची सवलत मार्च 2011 पर्यंत मिळत राहिली. परदेशी डिजिटल कंपन्यांच्या जाहिरात उत्पन्नावरील 6 टक्के समानीकरण शुल्क केंद्राने 1 एप्रिल 2025 पासून रद्द केले. मोठ्यांना माफी आणि नगरांना काटकसर, हीच या धोरणाची दिशा.

नगरसेवकाविना नगर

दिल्लीत संघराज्याच्या नावाने धरणे धरणारे राज्यकर्ते आपल्या घरी काय करतात? बंगळूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत सप्टेंबर 2020 मध्ये संपली. निवडणूक न घेता कारभार प्रशासकाकडे गेला. सप्टेंबर 2025 मध्ये महापालिकेचे पाच तुकडे करण्यात आले आणि त्यांच्यावर मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली बृहद् बंगळूर प्राधिकरण बसवले गेले. 2025 साल संपले तरी पाचांपैकी एकाही महापालिकेत निवडून आलेला नगरसेवक नव्हता. हे दुखणे एका राज्याचे किंवा एका पक्षाचे नाही. मुंबई महापालिकाही मार्च 2022 पासून जवळजवळ चार वर्षे प्रशासकाच्या हाती होती.

याहून बोलके उदाहरण इलेक्ट्रॉनिक सिटीचे आहे. 1978 साली 'केऑनिक्स' या सरकारी महामंडळाने कोनप्पन अग्रहार आणि दोड्ड तोगूर या खेड्यांच्या 332 एकर जमिनीवर ही वसाहत उभारली. 2013 मध्ये तिला स्वतंत्र औद्योगिक नगरी प्राधिकरण मिळाले. ते मालमत्ता कर गोळा करते, तीस टक्के आसपासच्या स्थानिक संस्थांना देते आणि उरलेला वसाहतीतच खर्च करते. आत रस्ते गुळगुळीत आहेत. पण मतदार नाही आणि निवडणूकही नाही. 74व्या घटनादुरुस्तीतच ठेवलेल्या पळवाटेने हे शक्य झाले. या वसाहतीत झाडलोट आणि पहारा करणारा कामगार कुंपणाबाहेरच्या वस्तीत राहतो. त्याच्या श्रमावर उभ्या राहिलेल्या कराच्या खर्चात त्याला मताचा अधिकार नाही. कंपनीची नगरपालिका म्हणजे विकेंद्रीकरण नव्हे. ती नव्या काळातील जहागीर होय.

तहानलेले शहर

शाश्वत विकासाची परीक्षाही इथेच होते. 2007 साली 110 खेडी महापालिकेत विलीन करण्यात आली. त्यांच्यासाठीची कावेरीची पाचवी योजना जपानी कर्ज काढून ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाली. मधली सतरा वर्षे कूपनलिका आणि टँकरवर गेली. 2024 च्या उन्हाळ्यात सरकारी कूपनलिकांपैकी निम्म्याच्या आसपास कोरड्या पडल्या. त्याच शहरातील बेळ्ळंदूर तलाव सांडपाण्याने इतका कुजला की 2015, 2017 आणि 2018 मध्ये तो पेटला. जाब विचारायला वॉर्डात नगरसेवकच नसेल, तर तलाव वाचवण्याच्या साऱ्या गप्पा परिसंवादापुरत्याच राहतात.

कष्टकऱ्यांचा मार्ग

संघटित दबावाने मात्र वाट निघते. कर्नाटकाच्या 2025 च्या गिग कामगार कायद्याने ॲप कंपन्यांवर, कामगाराला दिल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबदल्याच्या 1 ते 5 टक्के एवढे कल्याण शुल्क बसवले. शुल्क तुटपुंजे आहे, पण डिजिटल व्यवहारावर कर बसवता येतो हे त्याने सिद्ध केले. जुलै 2024 मध्ये आयटी कंपन्यांत कामाचा दिवस 14 तासांपर्यंत ताणण्याचा घाट घातला गेला, तेव्हा संगणकापुढे बसणारा कर्मचारीही संघटनेच्या झेंड्याखाली रस्त्यावर उतरला.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत: उपकर-अधिभार वाटपाच्या निधीत आणा, व्यवसाय कराची मर्यादा उठवून मोठ्या पगारांवर चढत्या दराने तो बसवा, वस्तू व सेवा करात नगरपालिकांना हक्काचा वाटा द्या, मुदत संपण्यापूर्वी निवडणुका घ्या, औद्योगिक नगरी निवडून आलेल्या सभागृहाखाली आणा. पैसा खाली आला आणि सत्ता कंपन्यांच्या दालनातच राहिली, तर केवळ लुटारूंचा पत्ता बदलेल. तिजोरीची किल्ली वॉर्डातील मतदाराच्या हाती आली, तरच ते खरे विकेंद्रीकरण!